जुन्या खात्याने अचानक मोबाइल नंबर मागितला तर काय करायचं?

पासवर्ड बरोबर टाकलेला असतो. तरीही इनबॉक्स उघडायच्या ऐवजी एक पान समोर येतं: 'तुमचं खातं सुरक्षित ठेवण्यासाठी मोबाइल नंबर द्या.' खाली मोठं निळं बटण. खातं दहा-पंधरा वर्षांचं असतं. उघडलं तेव्हा कुणी नंबर विचारला नव्हता आणि मधल्या काळातही कधी गरज पडली नव्हती.

नवं खातं उघडताना नंबर मागितला तर आपल्याला निवड असते, नको वाटलं तर सोडून देता येतं. जुन्या खात्यात मुलांचे फोटो असतात, घरकर्जाची पत्रं असतात, पीएफचा पत्रव्यवहार असतो. त्यामुळे माणूस घाबरतो आणि हाताला येईल तो नंबर टाकून मोकळा होतो. बहुतेक घोळ तिथेच सुरू होतात. नात्यातल्या आणि सोसायटीतल्या अनेकांची अशी अडकलेली खाती सोडवायला मी त्यांच्या शेजारी बसले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: नंबर द्यायचा की नाही हे नंतर ठरवा, आधी नंबराशिवाय खात्यात शिरायचे दोन-तीन मार्ग तयार करा. ते असले की नंबर दिला तरी तुम्ही त्याच्यावर अवलंबून राहत नाही, आणि नाही दिला तरी अडत नाही.

हाताशी काय हवं

- ज्या संगणकावर किंवा फोनवर ते खातं आत्ता उघडं आहे, तोच संगणक किंवा फोन
- चालू असलेला दुसरा ईमेल पत्ता, ज्याचा पासवर्ड तुम्हाला नक्की आठवतो
- ऑथेंटिकेटर अ‍ॅप (गूगलचं, मायक्रोसॉफ्टचं, कुठलंही चालेल)
- कागद आणि पेन. गंमत नाही, खरोखरच लागणार आहे
- खातं साधारण कोणत्या वर्षी उघडलं आणि जुने पासवर्ड कोणते होते, याची आठवेल तेवढी नोंद

1. मागणी खरी आहे का, ते आधी बघा

'24 तासांत नंबर पडताळा, नाहीतर खातं बंद' असा एसएमएस किंवा मेल आला असेल तर त्यातल्या लिंकला हात लावू नका. ब्राउझर नव्याने उघडा, सेवेचा पत्ता स्वतः टाइप करा आणि आत जा. मागणी खरी असेल तर ती तिथेही दिसेल. दिसली नाही तर तो मेल फसवणुकीचा होता असं समजा.

फोन करून कुणी 'तुम्हाला आत्ता एक कोड आला असेल, तो सांगा' म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा. ओटीपी हा तुम्ही स्वतः पडद्यावर टाकण्यासाठी असतो, कोणालाही वाचून दाखवण्यासाठी नाही. समोरचा कितीही गोड आणि शुद्ध मराठीत बोलत असला तरी नाही.

2. सक्ती आहे की आग्रह, ते ओळखा

पानावर घाईने बटण दाबू नका. वरपासून खालपर्यंत नीट वाचा. पुष्कळदा निळ्या बटणाच्या शेजारी किंवा अगदी तळाशी फिक्या अक्षरांत 'आत्ता नको', 'वगळा' किंवा 'नंतर आठवण करा' असं लिहिलेलं असतं. त्याला बटणाचा आकार नसतो, नुसते शब्द असतात, त्यामुळे नजर त्यावरून घसरते. मोबाइलवर तर तो भाग पडद्याच्या खाली गेलेला असतो आणि बोटाने वर सरकवल्याशिवाय दिसतच नाही. गूगलचं रिकव्हरी नंबर (खातं अडकलं तर ते सोडवण्यासाठीचा नंबर) मागणारं पान बहुतेक वेळा असंच टाळता येतं. काही आठवड्यांनी ते पुन्हा येतं, पुन्हा टाळायचं.

दुसरा प्रकार खऱ्या सक्तीचा. 'असामान्य हालचाल आढळली' असं सांगून खातं कुलूपबंद केलेलं असतं आणि नंबर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नवा संगणक, नवं शहर, व्हीपीएन (आपलं ठिकाण लपवणारी इंटरनेट जोडणी), बऱ्याच दिवसांनी केलेलं लॉगिन यातल्या कशानेही हे होऊ शकतं. तेव्हा सगळ्यात आधी नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या उपकरणावरून आणि नेहमीच्या वायफायवरून प्रयत्न करा. पुण्यात रोज वापरलेल्या लॅपटॉपवर जे खातं मुकाट्याने उघडतं, तेच गोव्यातल्या हॉटेलच्या संगणकावर नंबर मागत बसतं.

3. खातं अजून उघडं असेल तर लॉगआउट करू नका

ही पायरी लोक हमखास चुकवतात. फोनवर खातं चालू असतं, संगणकावर नंबर मागितला म्हणून वैतागून सगळीकडून बाहेर पडतात आणि 'नव्याने सुरुवात करू' म्हणतात. मग दोन्हीकडे दार बंद. जिथे उघडं आहे तिथे ते उघडंच ठेवा आणि आधी आपला माल बाहेर काढा.

गूगलसाठी 'टेकआउट' ही सोय आहे. त्यात मेल, फोटो, ड्राइव्ह, संपर्क असं काय काय हवं ते निवडायचं, मग फाइल तयार झाल्याचा मेल येतो. ती लिंक साधारण आठवडाभरच चालते, त्यामुळे आली की लगेच उतरवून घ्या. फोटो भरपूर असतील तर सगळं एका दमात मागू नका. आधी मेल आणि संपर्क काढा, फोटो नंतर. फेसबुक आणि एक्सवरही (पूर्वीचं ट्विटर) आपली माहिती उतरवून घेण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे, फाइल तयार व्हायला वेळ लागतो एवढंच.

एवढं झालं की निम्मी भीती जाते. पुढचे निर्णय शांत डोक्याने घेता येतात.

4. नंबराशिवायचे मार्ग तयार करा

यावर वेळ घालवा, कारण संपूर्ण लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

*रिकव्हरी ईमेल.* दुसरा पत्ता जोडा आणि तो खरंच चालतो का ते तपासा. वीस वर्षांपूर्वीचा, कधीच बंद पडलेला पत्ता रिकव्हरीला लावून ठेवलेली खाती मी कितीतरी पाहिली आहेत. शिवाय गूगल डिसेंबर 2023 पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसू लागलं आहे. म्हणजे रिकव्हरीला लावलेलं खातं गूगलचंच असेल तर त्यातही अधूनमधून डोकावत जा.

*ऑथेंटिकेटर अ‍ॅप.* हे अ‍ॅप दर 30 सेकंदांनी सहा आकडी कोड दाखवतं. त्याला सिम लागत नाही, रेंज लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन चौकोनी कोड स्कॅन केला की जोडणी झाली. पूर्वी गूगलवर दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणारी सोय) सुरू करताना आधी फोन नंबर द्यावा लागायचा आणि मगच अ‍ॅप जोडता यायचं. मे 2024 मध्ये ही अट गेली. आता नंबर न देता थेट अ‍ॅप किंवा सिक्युरिटी की (ओळख पटवणारं किल्लीसारखं छोटं उपकरण) लावता येते. 'नंबराशिवाय होतच नाही' असं सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरत आहेत, त्यांवर जाऊ नका.

एक्सवर तर मार्च 2023 पासून एसएमएसने येणारा दुसरा कोड फक्त पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. बाकीच्यांना अ‍ॅप किंवा की हाच रस्ता आहे. प्रोग्रामिंग करणाऱ्यांचं गिटहब घ्या. तिथे दुहेरी पडताळणी सक्तीची झाली, पण ती अ‍ॅपवर भागते, नंबर द्यावा लागत नाही. सुरक्षेसाठी मोबाइल नंबरच हवा हा दावा यामुळेच मला पटत नाही.

सापळा: नवा फोन घेतला की जुना एक्स्चेंजमध्ये देण्याआधी ऑथेंटिकेटरमधली खाती नव्या फोनवर हलवा. दुकानदाराने जुना फोन रीसेट केला आणि कोडचा बॅकअप नसेल, तर ते कोड गेले.

*बॅकअप कोड.* गूगल आठ आकड्यांचे दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहा किंवा छापा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवले तर फोन हरवल्यावर कोडही हरवले. आधार, पॅनच्या फाइलमध्ये हा कागद ठेवा, वर खात्याचं नाव लिहा आणि वापरलेला कोड खोडत जा. घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवा.

*पासकी.* फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने खातं उघडायची ही सोय आता मोठ्या सेवांवर आहे. रोजच्या वापराला उत्तम, पण एकट्या पासकीवर राहू नका, बॅकअप कोड हवेतच.

5. नंबराचं पुढे काय होतं, हे माहीत असू द्या

नंबर मागताना कारण सुरक्षेचं सांगितलं जातं. पुढे तो कशासाठी वापरला गेला याचा इतिहास मात्र चांगला नाही. ट्विटरने 2013 ते 2019 या काळात सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले फोन नंबर आणि ईमेल पत्ते जाहिराती नेमक्या माणसाला दाखवण्यासाठी वापरले. 14 कोटींहून जास्त लोकांची माहिती त्यात होती. मे 2022 मध्ये अमेरिकी सरकारने त्यासाठी 15 कोटी डॉलर दंड वसूल केला. फेसबुकनेही दुहेरी पडताळणीसाठी दिलेले नंबर जाहिरातींना जोडले होते. 2019 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाबरोबर 5 अब्ज डॉलरची तडजोड झाली, तेव्हा सुरक्षेसाठी घेतलेला नंबर जाहिरातींसाठी वापरायला फेसबुकला मनाई करण्यात आली.

नंबर फुटण्याचा धोका वेगळाच. एप्रिल 2021 मध्ये फेसबुकच्या 53 कोटींहून जास्त वापरकर्त्यांचे नंबर उघड्यावर आले, त्यात भारतातले सुमारे 60 लाख होते. ईमेल पत्ता फुटला तर नवा काढता येतो. मोबाइल नंबर बँकेत, गॅस एजन्सीत, शाळेत, सोसायटीच्या रजिस्टरात सगळीकडे दिलेला असतो, तो सहजी बदलता येत नाही.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढीच माहिती संमतीने घ्यावी, हे त्यातलं मूळ तत्त्व. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे: डॉक्टरी सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधली संपर्क यादीही मागितली आणि माणसाने होकार दिला, तरी त्या यादीपुरता होकार धरला जाणार नाही, कारण सल्ला द्यायला तिची गरज नाही. हे वाचलं की आपला नंबर कशाला हवा, असं विचारायला संकोच वाटत नाही.

6. द्यायचाच ठरलं तर कुठला नंबर द्यायचा?

तुमच्या नावावरचा, तुमच्या हातातल्या फोनमधला आणि पुढची अनेक वर्षं तुमच्याकडेच राहणारा. आता काय टाळायचं ते.

कंपनीने दिलेला नंबर नको. नोकरी सुटली की सिम परत द्यावं लागतं.

इंटरनेटवर 'फुकट ओटीपी नंबर' देणाऱ्या साइट असतात. त्या नंबरावर आलेला कोड सगळ्या जगाला दिसतो. आज तुम्ही त्याने खातं सोडवलं, तर उद्या दुसरा कुणी त्याच नंबराने तुमचं खातं उघडू शकतो.

भाच्याचा, शेजाऱ्याचा, मोबाइल दुकानदाराचा नंबर नको. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त बाईंच्या मेलला गल्लीतल्या दुकानदाराने 'तात्पुरता' म्हणून स्वतःचा नंबर लावून दिला होता. दुकान दुसरीकडे गेलं, नंबर बदलला, आणि पेन्शनचे मेल यायचं खातं त्या नंबरावर कोड पाठवत राहिलं. ते सोडवताना अर्ज, जुने पासवर्ड, खातं उघडल्याचं वर्ष असं सगळं धुंडाळावं लागलं.

आई-वडिलांचं खातं असेल तर मुलाचा नंबर लावायला हरकत नाही, पण दोघांनाही ते माहीत हवं, आणि कागदावर लिहिलेलं हवं. एकाच नंबरावर घरातली पाच-सहा खाती लावत गेलात तर कधीतरी 'हा नंबर पडताळणीसाठी वापरता येणार नाही' असा संदेश येतो. एका नंबराला किती खाती यावर मर्यादा असते. तो संदेश आला म्हणून चिडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, त्याने खातं जास्तच संशयास्पद ठरतं.

परवडत असेल तर अशा खात्यांसाठी वेगळं सिम ठेवणं मला सगळ्यात बरं वाटतं. बँकेचा नंबर बँकेपुरता, खात्यांचा खात्यांपुरता. पण मग त्याचं रिचार्ज विसरायचं नाही. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार प्रीपेड नंबर 90 दिवस काहीच वापर नसेल तर बंद केला जाऊ शकतो, आणि बंद झाल्यावर किमान 90 दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. तुमच्या खात्याला मात्र नंबराचा मालक बदलल्याचं कुणी कळवत नाही. प्लॅनची मुदत संपल्यावर इनकमिंगही थांबवलं जातं, म्हणजे नंबर जिवंत असूनही ओटीपी येत नाही. फोनच्या कॅलेंडरमध्ये रिचार्जची तारीख लावून ठेवा.

तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर बघता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवा.

7. नंबर दिल्यावर त्याच दिवशी करायची कामं

सेटिंग्जमध्ये 'फोन नंबरावरून मला कोण शोधू शकतं' असा पर्याय असतो. फेसबुकवर तो 'फक्त मी' करा, एक्सवर बंद करा. ही सूचना हलक्यात घेऊ नका: 2022 मध्ये उघडकीला आलेल्या ट्विटरच्या एका त्रुटीतून नंबर टाकून त्यामागचं खातं शोधता येत होतं आणि 54 लाख खात्यांची माहिती त्यातून बाहेर गेली. टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसासाठी हे किती महागात पडू शकतं याचा विचार करा.

संपर्क यादी अपलोड करण्याची परवानगी दिलेली असेल तर काढा. जाहिरातींच्या सेटिंगमध्ये एकदा नजर टाका.

गूगलमध्ये नंबर एकाच जागी नसतो, हेही ध्यानात ठेवा. रिकव्हरी नंबर वेगळा, दुहेरी पडताळणीचा वेगळा, वैयक्तिक माहितीतला वेगळा. एका ठिकाणचा काढला म्हणून बाकीच्या ठिकाणचा जात नाही. तिन्ही पानं उघडून बघा.

मोबाइलची रेंज अचानक गेली आणि शेजारच्याची त्याच कंपनीची चालू आहे, असं झालं तर कुणीतरी तुमच्या नावाने दुसरं सिम काढल्याची शक्यता असते. लगेच दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला विचारा. पैशांची फसवणूक झाली असेल तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. नंबरावर टांगलेली सुरक्षा इथेच कच्ची पडते. म्हणून दुसरी पायरी म्हणून एसएमएसच्या जागी अ‍ॅप निवडा आणि नंबर फक्त रिकव्हरीपुरता ठेवा.

8. खातं बंदच झालं असेल तर

एका दिवसात वीस वेळा प्रयत्न करू नका. रिकव्हरीचा अर्ज नेहमीच्या उपकरणावरून भरा, आठवतील ते जुने पासवर्ड द्या. अंदाजाने दिलेलं उत्तरही रिकाम्या जागेपेक्षा बरं.

समाजमाध्यमाचं खातं असेल तर आणखी एक दार आहे, जे फार थोड्यांना माहीत असतं. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा सेवांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. भारतात 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असतील तर तो भारतात राहणारा असावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्क त्यांच्या साइटवर असतो. तक्रारीची पोच 24 तासांत मिळायला हवी, आणि खातं बंद करणं हा विषय या तक्रारींत येतो. उत्तर समाधानकारक नसेल तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. तक्रार थोडक्यात लिहा: खातं कोणतं, कधीपासून आहे, नंबर न देता ओळख पटवायला तुम्ही काय देऊ शकता, आणि सोबत पडद्याचा फोटो. आधार कार्डाचा फोटो आपणहून जोडू नका.

9. परदेशी जाताना किंवा नंबर बदलताना

शिकायला किंवा नोकरीला बाहेर जाणाऱ्यांचं हे हमखास अडतं. विमानतळावर उतरून नवं सिम घातलं की खातं 'नवी जागा' म्हणून नंबर पडताळायला सांगतं, आणि कोड जातो नाशिकच्या घरी ड्रॉवरमध्ये पडलेल्या सिमवर. निघण्याआधीच ऑथेंटिकेटर लावा, बॅकअप कोडचा एक कागद पासपोर्टबरोबर घ्या आणि दुसरा घरी ठेवा. भारतातला नंबर बँकेसाठी ठेवणार असाल तर रोमिंगमध्ये एसएमएस येतात का, ते कंपनीला आधी विचारा.

नंबर बदलताना क्रम महत्त्वाचा: आधी सगळ्या खात्यांत नवा नंबर लावा, तो पडताळा, मग जुना काढा, आणि त्यानंतरच जुनं सिम बंद करा. यात दोन मुदती लक्षात ठेवा. गूगल रिकव्हरी नंबर बदलल्यावरही सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरावर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. मायक्रोसॉफ्टमध्ये सुरक्षेची सगळी जुनी माहिती एकदम काढून नवी टाकली तर 30 दिवस थांबावं लागतं. तेव्हा जुनं सिम निदान महिनाभर तरी चालू ठेवा.